दानाचा हात, कराची मूठ

साल १८४०. आषाढ लागलाय आणि माहीमच्या किनाऱ्यावर तुम्ही तरीची वाट पाहत उभे आहात. समोर वांद्र्याची टेकडी इतकी जवळ दिसते की हाक मारली तर ऐकू जावी. मधे खाडी आहे, आणि आज ती गढूळ होऊन उसळते आहे. तुमच्या शेजारी भाजीच्या दोन पाट्या उतरवून एक बाई उकिडवी बसली आहे. पाट्यांतली अळूची पानं आता माना टाकू लागलीत. नावाडी वर आभाळाकडे बघतो, खाली पाण्याकडे बघतो आणि काहीच बोलत नाही.

"कालपण सुटली नाय," बाई तुम्हाला सांगते. "परवा सुटली, ती निम्म्यातनं परत आली."

पावसाळ्यात या खाडीत नावा उलटतात, माणसं जातात. साष्टीतून मुंबईत माल आणायचा तर हाच एक धोक्याचा टप्पा. इथं रस्ता बांधा म्हणून कंपनी सरकारकडे मागणी झाली आहे आणि सरकारने हात वर केले आहेत. पैसा नाही, म्हणे.

आता पाच-सहा वर्षं पुढे सरका. जागा तीच, पण पायाखाली दगडी बांध आहे. बैलगाड्या चालल्यात आणि गाडीवान आरामात झोपा काढताहेत. या बांधासाठी एका बाईने १,५७,००० रुपये दिले. त्या लेडी अवाबाई, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी. पैशाबरोबर त्यांनी सरकारला एक अटही घातली: या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. तुम्ही वांद्र्यापर्यंत चालत जा, कोणी अडवणार नाही. (पुढे इथूनच थोड्या अंतरावर समुद्रावरून दुसरा पूल होणार आहे. तिथे टोलचं काय होतं ते तुम्ही गाडीच्या काचेतून रोज पाहता.)

पण बांधावरून चालताना एक गोष्ट विसरू नका. हे दीड लाख कापसातून आले, तसेच अफूतूनही आले. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाते, आणि जमशेटजी या व्यापारातले बडे आसामी आहेत. याच पैशातून भायखळ्याला मोठं रुग्णालय उभं राहतं, पुढे कलाशाळाही उभी राहते. आजही मुलं बिनदिक्कत ‘जेजे’ म्हणतात. कँटनमध्ये त्या अफूने काय केलं, याचा हिशेब मुंबईत कोणी मागितला नाही. तुम्ही तरी मागून पाहा. गाडीवानाची झोपमोड होईल, एवढंच.

तिथून तडक गिरगावात या. साल १८४९. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांच्या वाड्याच्या दारात उभे राहा, म्हणजे सगळे ज्यांना नुसतं ‘नाना’ म्हणतात त्यांच्या. आतून मुलींचा पाढे म्हणण्याचा आवाज येतोय. रस्त्यावरचे दोघेतिघे थबकून ऐकतात, एकमेकांकडे पाहतात, एक जण थुंकतो. एल्फिन्स्टनमधल्या तरुण शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सभेने ही शाळा काढली आहे आणि नानांनी तिला स्वतःच्या वाड्यात जागा दिली आहे. जात सोनाराची, धंदा पिढीजात सराफी-व्यापाराचा, वागणं सनातनी. तरी घरात मुलींची शाळा. कर्मठ मंडळी बोटं मोडताहेत आणि नाना त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

पुढच्या दालनात बैठक आहे. शेठ मंडळी पैसा देतात, पण तो कसा निघतो हे इथे नीट पाहता येतं. मधे एक कागद पसरला आहे, वर्गणीची यादी. सगळ्यांचं लक्ष पहिल्या ओळीवर. तिथे जो आकडा पडेल, त्याच्या खाली कोण किती लिहिणार ते आपोआप ठरतं. पहिला माणूस हजार लिहील तर दुसऱ्याला पाचशेच्या खाली उतरायची लाज वाटते. पहिल्याने शंभर लिहिले की काम बसलंच म्हणायचं. म्हणून पहिलं नाव कोणाचं असावं यावर आधीच दोन दिवस खलबतं झालेली असतात. शहर चालवण्याची पहिली विद्या ही.

नानांकडे मात्र पैशापलीकडचंही काही आहे. सरकारला ते तोंडावर ‘नाही’ म्हणू शकतात. सोनापूरची स्मशानभूमी गावाबाहेर शिवडीला हलवायचा सरकारी विचार आला, तेव्हा प्रेतं खांद्यावर घेऊन लोकांनी तिथवर कसं जायचं, हा साधा प्रश्न घेऊन ते भांडले आणि सोनापूर जागेवर राहिलं. १८५२ मध्ये ‘बॉम्बे असोसिएशन’ निघाली. तिच्या पुढारपणात नाना होते, जमशेटजी होते आणि डॉ. भाऊ दाजी, नौरोजी फर्दुनजी, दादाभाई नौरोजी अशी तरुण मंडळीही होती. शेठांचा पैसा आणि शिकलेल्यांची लेखणी एकाच टेबलावर आली ती इथे. विलायतेच्या पार्लमेंटला अर्ज गेले.

रेल्वेचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. १८४५ मध्ये तिच्यासाठी जी खटपट सुरू झाली तिच्यात नाना आणि जमशेटजी दोघेही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरावर गर्दीत घुसून पाहायचं असेल तर पाहा: १४ डबे, ४०० निमंत्रित, तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. मी तुम्हाला तिथे फार वेळ थांबवणार नाही. त्या समारंभाची वर्णनं शाळेपासून ऐकत आलो आहोत आपण.

मला तुम्हाला न्यायचंय ते आणखी पुढे, जिथे याच शहरातल्या याच थोर मंडळींचा दुसरा चेहरा दिसतो. वाटेत १८६४ लागेल. तिथे पाकीट सांभाळा. अमेरिकेत यादवी पेटली आहे, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आहे आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलाय. रोज नवी कंपनी निघते. समुद्र बुजवण्याच्या कंपनीचे शेअर कारकुनापासून कोर्टातल्या वकिलापर्यंत सगळे घेताहेत. प्रेमचंद रायचंद हे नाव प्रत्येकाच्या तोंडी. पुढच्याच वर्षी यादवी संपते, कापसाचा भाव उतरतो. १ जुलै १८६५ ला सौदे पुरे करायचा दिवस उजाडतो आणि अर्धी मुंबई बुडते. ३१ जुलैला नाना जातात. १८६४ च्या शिरगणतीत ८,१६,५६२ माणसं मोजलेलं शहर १८७२ मध्ये ६,४४,४०५ वर येतं. लोक आपापल्या गावी परत गेले, दुसरं काय करणार. प्रेमचंदही बुडाले, पण तेजीत त्यांनी विद्यापीठाला दिलेले चार लाख तेवढे टिकले. दोन लाख ग्रंथालयाला, दोन लाख घड्याळाच्या मनोऱ्याला, आणि मनोऱ्याला आईचं नाव, राजाबाई.

आता धोबी तलाव. नोव्हेंबर १८७१, संध्याकाळ. या तलावाची १८३१ मध्ये फेरबांधणी झाली. त्या खर्चाचा मोठा वाटा फ्रामजी कावसजी यांनी उचलला होता. काठावर त्यांच्याच नावाची इन्स्टिट्यूट आहे आणि आत सभा भरली आहे. खुर्च्या भरल्यात, तुम्हाला भिंतीला टेकून उभं राहावं लागेल. गॅसच्या दिव्यांनी हवा कोंदट झाली आहे. पारशी पगड्या, भाटियांची लाल पागोटी, दोन-चार साहेबी टोप्या. जवळजवळ सगळेच घरमालक.

आणि सगळे चिडलेत. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार आर्थर क्रॉफर्ड नावाच्या कमिशनरच्या हाती आला, आणि त्याने सपाटा लावला. गटारं काढली, रस्ते रुंद केले, कत्तलखाने बाहेर हलवले, मोठी मंडई बांधली. १८६९ च्या त्या मंडईतलं कारंजं कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतलं, शहरभर पाणपोयांची कारंजी बांधून देणारे ते हेच. कारंज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. पण कारंज्यात पाणी यायला नळ लागतात, सांडलेलं पाणी जायला गटार लागतं, गटारासाठी कर लागतो. घरपट्टी, पाणीपट्टी, हलालखोर सेस. क्रॉफर्डने खर्च करताना हात आखडता घेतला नाही, हिशेबही धड ठेवला नाही, हे खरंच. तिजोरी रिकामी झाली. मग जेम्स फोर्ब्ससारखे गोरे व्यापारी आणि आपले घरमालक एकत्र येऊन त्याच्यामागे लागले.

तुमच्या बाजूचा माणूस कानाशी लागतो. गिरगावात त्याच्या तीन चाळी आहेत. "अहो, वर्षाला घरपट्टी किती झाली ठाऊक आहे? माणसाने खायचं काय?" बोटात हिऱ्याची अंगठी आहे. थोड्या वेळाने बोलता बोलता तोच सांगतो की गेल्या वर्षी देवळाच्या धर्मशाळेला त्याने अडीच हजार दिले.

मी त्याला ढोंगी म्हणणार नाही. त्याच्या लेखी दोन्ही गोष्टी सरळ आहेत. धर्मशाळेच्या दारावर त्याच्या वडिलांचं नाव कोरलंय. गटारावर कोणाचं नाव कोरायचं? देणगी तो आपल्या मर्जीने, आपल्या माणसांसाठी, आपल्या हाताने देतो. कर दुसरा कोणी मागतो, आणि तो कुठे मुरतो ते दिसत नाही. मुंबईतल्या दोनशे वर्षांच्या दानशूरपणाची गोष्ट सांगताना आपण रुग्णालयं, शाळा, पुतळे मोजतो. पण त्याच हातांनी पालिकेच्या बैठकीत गटाराच्या, नळाच्या, चाळींच्या नियमांच्या किती प्रस्तावांना खीळ घातली ते कोणी मोजत नाही.

व्यासपीठावर आता एक तरुण बॅरिस्टर उभा राहतो. २६ वर्षांचा, दाढी नीट कोरलेली, आवाज खणखणीत. फिरोजशहा मेहता. सभेला ऐकायचंय ते असं: कमिशनर नको, कारभार आमच्यातल्याच काही जणांच्या मंडळाकडे द्या. फिरोजशहा नेमकं उलटं सांगू लागतात. रोग कमिशनरमध्ये नाही, त्याच्या डोक्यावर बसलेल्या, सरकारने नेमलेल्या पंचांच्या सभेत आहे. कारभार एकाच जबाबदार माणसाच्या हाती राहू द्या, आणि त्याला जाब विचारायला करदात्यांनी निवडून दिलेली सभा आणा. वर ते क्रॉफर्डची तारीफही करतात. सभागृहात हिस्स-हिस्स सुरू होतं. तुमच्या शेजारचा चाळवाला पाय आपटतो. फिरोजशहा थांबत नाहीत.

त्या रात्री हरलेला हा माणूस पुढे शहराच्या कायद्यावर आपला ठसा उमटवून गेला. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची पालिका आली. त्यातले निम्मे, ३२, करदात्यांनी निवडायचे. पण करदाता कोण? वर्षाला ५० रुपये कर भरणारा. सहा-साडेसहा लाखांच्या शहरात मतदार जेमतेम काही हजार, आणि त्यात अर्थातच तुमचा चाळवाला आला, त्याच्या चाळीतला भाडेकरू नाही. १८८८ च्या कायद्याने, जो दुरुस्त्या होत होत आजही मुंबईवर लागू आहे, सभासद ७२ केले. त्यात दोन जागा बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सला होत्या. १८३६ पासून चालत आलेल्या व्यापाऱ्यांच्या या संस्थेला शहराच्या सभागृहात कायद्यानेच खुर्ची मिळाली. विद्यापीठालाही दोन. गिरणीतल्या माणसाला एकही नाही.

त्या माणसाने आपली खुर्ची मैदानात मांडली. एप्रिल १८९० मध्ये रेसकोर्सच्या मैदानावर या. दहा हजार कामगार जमलेत, दोन बायकाही उठून बोलतात. नारायण मेघाजी लोखंडे अर्ज वाचून दाखवताहेत: आठवड्याला एक सुट्टी द्या. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक साथी. १० जूनला गिरणीमालकांची संस्था रविवारची सुट्टी कबूल करते.

यानंतर मांडवी. सप्टेंबर १८९६. नाकाला रुमाल लावा.

गल्ल्या अरुंद, वरच्या मजल्यांचे सज्जे जवळजवळ एकमेकांना टेकलेले. खाली धान्याची कोठारं, वर माणसं. कोठारांत उंदीर मरून पडताहेत. एका खोलीत डॉ. अकासियो व्हिएगस रोग्याच्या जांघेतली गाठ तपासताहेत. गोव्यातल्या हडफड्याचे हे डॉक्टर पालिकेचे सभासदही आहेत. ते घरी परतून जे नाव उच्चारतात, ते शहरात कोणालाच ऐकायचं नाही. गाठीचा ताप म्हणा, संशयास्पद ताप म्हणा, पण प्लेग म्हणू नका. प्लेग म्हटलं की परदेशी बंदरं मुंबईची जहाजं अडवणार, आणि कापूस, धान्य, सूत सगळं गोदीत पडून राहणार. बाजार डॉक्टरवर चिडला. व्हिएगस बधले नाहीत.

पुढचे महिने पाहवत नाहीत. पालिकेचे लोक येतात, भिंतींना चुना फासतात, उजेड यावा म्हणून छपराची कौलं उतरवतात, गटारांत समुद्राचं पाणी सोडतात. एका दारावर तांबड्या रंगात यू. एच. एच. अशी तीन इंग्रजी अक्षरं ओढलेली आहेत. तुम्हाला कळतात: माणसांनी राहण्यालायक नाही. दारात बसलेल्या म्हातारीला कळत नाहीत. ती तुम्हालाच विचारते, "काय लिवलंय?" काय सांगाल? पंचवीस वर्षांपूर्वी धोबी तलावावर जे गटार नको होतं, ते याच दारासमोरून जायचं होतं.

जवळजवळ निम्मं शहर पळालं. गिरण्यांना माणसं मिळेनात. रोजच्या रोज मजुरी हातावर ठेवण्याची पाळी मालकांवर आली, आणि गल्लीच्या तोंडाशी मजुरांसाठी बोली लागल्या. एरवी महिनामहिना पगार अडकवून ठेवणारे हे मालक.

दानाचा हात इथेही पुढे आला, हेही सांगायला हवं. भाटियांनी, पारशांनी, जैनांनी, खोजांनी आपापली प्लेगची रुग्णालयं काढली. सरकारी इस्पितळात न्यायला आले की लोक रोग्याला माळ्यावर लपवत. जातीच्या इस्पितळात स्वतःहून आणत. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपण बनवलेली प्लेगची लस स्वतःवर टोचून पाहिली, पण लोक सुईला घाबरत होते. तेव्हा खोजांचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली. पालिकेच्या शंभर नोटिसांनी झालं नसतं ते त्याने झालं. रावबहादूर लोखंड्यांनी रोग्यांची सेवा केली आणि ९ फेब्रुवारीला त्याच रोगाने ते गेले.

प्लेगने व्यापाऱ्यांना एक गोष्ट मात्र पटवली: गलिच्छ वस्तीचा खर्च शेवटी धंद्यावरच पडतो. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे बीआयटी, आला. पालिकेच्या करातला वाटा, सरकारी जमीन आणि कर्ज यांवर चालणारा. त्याच्या मंडळावर पालिकेने निवडलेले लोक होते, चेंबर ऑफ कॉमर्सचा आणि पोर्ट ट्रस्टचा माणूस होता, बाकी सरकारी. शहरातून रस्ते आरपार गेले. प्रिन्सेस स्ट्रीटने समुद्राचा वारा आत आणला, सँडहर्स्ट रोडने दाट वस्ती चिरली, दादर-माटुंग्याच्या शेतांवर रुंद रस्त्यांचं नवं शहर आखलं गेलं. आजही माटुंग्यातून चालताना बरं वाटतं ते त्याचमुळे. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या ते माटुंग्याला गेले नाहीत. पहिल्या दशकात ट्रस्टने बांधलं त्यापेक्षा जास्त पाडलं. घरमालकांना भरपाई मिळाली आणि भाडेकरू शेजारच्या गल्लीत आणखी दाटीवाटीने राहू लागले. उशिरा का होईना, ट्रस्टने गरिबांसाठी चाळीही बांधल्या. लोक त्यांना बीआयटी चाळी म्हणतात.

शेवटचा मुक्काम परळ. ९ मार्च १९२४, रविवार. लोखंड्यांची सुट्टी, पण आज तिचा काही उपयोग नाही. गिरण्या जानेवारीपासूनच बंद आहेत. बोनससाठी लाखाच्या वर कामगार संपावर आहेत. चिमण्यांतून धूर नाही, नाक्यानाक्यावर माणसं घोळक्याने उभी आहेत. उधारीवर चहा देणाऱ्या हॉटेलवाल्यानेही आता पाटी लावली आहे.

बीआयटीच्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जा. ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. पुस्तकं भिंतीला लावून रचलेली, त्यांतून वाट काढत एक बॅरिस्टर बाहेर पडतो. वय ३२, लंडनहून येऊन वर्षही झालेलं नाही, वकिलीत अजून जम बसायचा आहे. डॉ. भीमराव आंबेडकर चाळीचा जिना उतरतात. नळावर घागरींची रांग आहे. हा नळ, हा जिना, या खोल्या यांत वाटा आहे कराचा, धोबी तलावावर ज्याच्या नावाने पाय आपटले गेले त्याच कराचा.

ते जातात जवळच्याच दामोदर हॉलमध्ये. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू, आणि तिच्यावरचं नाव दामोदर ठाकरसींचं, गिरणीमालक घराण्यातलं. ज्यांच्या गिरण्या आज बंद आहेत त्या वर्गाच्या नावाच्या छताखाली अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी एक मध्यवर्ती संस्था काढायची, यावर आज विचार व्हायचा आहे. याच वर्षी जुलैत तिचं नाव पडेल: बहिष्कृत हितकारिणी सभा. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, आणि कचेरी याच हॉलमध्ये.

तुम्ही मागच्या बाकावर बसा. कोणी तुम्हाला वर्गणी मागितली तर खिशात हात घाला. कोणी विचारलं की तुम्ही कुठे राहता आणि घरपट्टी कोण भरतं, तर खरं सांगा.